निळ्या चांदणीचा नखरा

बटाटे उकडताना मिठाचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत भसकन पिवळी होते. मिठातल्या सोडियमची ती करामत. पाण्याच्या दोन थेंबांत असतं तरी किती सोडियम! पण तेवढंही सबंध ज्योत रंगवून टाकतं.

शोभेच्या दारूचे रंगही असेच उमटतात. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा आणि तांब्याचा निळा. यातला निळा म्हणजे मुलखाचा नखरेल. तो देतो तांबं आणि क्लोरीन यांच्या जोडीचा रेणू, आणि हा रेणू इतका नाजूक की ज्योत फार तापली की मोडतो. ज्योत थंड ठेवावी तर निळाई मिणमिणते. त्यात मसाल्यात कुठून तरी सोडियमचा कण शिरला, की पिवळ्यापुढे बिचाऱ्याचं काही चालत नाही. म्हणून आकाशात खरीखुरी गडद निळी चांदणी दिसली, तर कारागिराला मनातल्या मनात दाद द्यावी.

शतकानुशतकं दारूकामात सोरा, गंधक आणि कोळसा हेच त्रिकूट होतं, त्यामुळे रंगही सोनेरी-नारिंगीच. झगझगीत रंग आले ते पोटॅशियम क्लोरेटमुळे. ते एकाच वेळी प्राणवायू पुरवतं आणि रंगाला लागणारा क्लोरीनही. फ्रेंच रसायनज्ञ बर्तोले १७८८ साली बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी ते घालून पाहत होता. एसोनच्या कारखान्यात प्रयोग पाहायला रसायनज्ञ लाव्हाझिए सपत्नीक आला होता. मंडळी न्याहारीला गेली. परतताना दोघं जण पुढे निघाले, स्फोट झाला आणि ते दोघं गेले. लाव्हाझिए थोडक्यात बचावला.

क्लोरेटची खरी खोड मात्र गंधकाच्या संगतीत दिसते. दमट हवेत गंधकावर किंचित आम्ल धरतं, ते क्लोरेटला डिवचतं, आणि कोणी काडी न लावता मिश्रण पेटू शकतं, तेही कोणी जवळ नसताना. ब्रिटनने ही जोडी १८९४ साली बंद केली, भारताने १९९२ साली. गच्चीवर ‘नुसतं करून बघू’ म्हणणाऱ्या हौशी पोरांची मला भीती वाटते ती यामुळे. परवान्याशिवाय फटाके बनवणं गुन्हा आहे ते वेगळंच.

आता गंमत पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली, आणि ‘हरित’ फटाक्यांचा मसाला आखून दिला नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने. म्हणजे हरित फटाका म्हणायचा, पण हिरवा रंग देणारा बेरियमच त्यातून हद्दपार!

फटाक्यांच्या शिवकाशीत मसाला मिसळण्याच्या खोल्या लहान आणि एकमेकींपासून लांब असतात. अंगावर नायलॉन चालत नाही, सुतीच हवं, कारण कपड्याच्या घर्षणातली न दिसणारी ठिणगीही ॲल्युमिनियमच्या भुकटीला पुरते. दाराशी जमिनीला जोडलेला तांब्याचा पत्रा असतो. त्यावर तळवा टेकवायचा, अंगातली वीज जमिनीत जाऊ द्यायची आणि मगच उंबरा ओलांडायचा.