घाम, गार हात आणि शॉक

हिंगोली, वसमत पट्ट्यात विंचू नवा नाही. पण तांबडा विंचू डसल्यावर माणूस घामाने भिजला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, की ते नुसत्या वेदनेचं लक्षण नव्हे. विषाने शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. आधी रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. हा हृदयाचा शॉक.

शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं. जुलाबात किंवा बाळंतपणाच्या रक्तस्रावात मूळ द्रवच घटतो. तिथे सलाईन, रक्त हवं. विंचवाच्या रुग्णाला तीच बाटली भराभर लावली तर छाती आणखी भरते. म्हणून नर्स आधी छातीचे आवाज ऐकते, नखं दाबून रंग दोन सेकंदांत परततो का पाहते, लघवी मोजते. रक्तदाब बऱ्याचदा उशिरा पडतो, नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये. शॉकचे आणखीही प्रकार आहेत. एखाद्या इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून श्वास कोंडला, तर तो ॲलर्जीचा शॉक; तिथे मांडीत ॲड्रेनालिन लगेच. जंतुसंसर्गाचा शॉक फसवा. सुरुवातीला हात चक्क गरम लागतात.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, 2022) यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे स्वस्त औषध रुजवलं. मात्र त्यानंतर रुग्णाला एकदम उभं करू नये, रक्तदाब कोसळतो. दम लागला असेल, तर पाय उंच न करता त्याला बसतं ठेवावं. मंत्र, चिरा यांत वेळ घालवण्याऐवजी 108 ला फोन लावावा.