रोगाने सांगाडा किती व्यापला?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. एखाद्या रोग्याची दहा हाडे रोगग्रस्त आहेत, एवढ्यावरून रोगाची व्याप्ती कळते का? नाही. बोटाचे पेर हे एक हाड आणि मांडीचे हाडही एकच. परंतु दोघांचा आकार व कार्य यांत फार मोठा फरक आहे. म्हणून हाडांच्या संख्येपेक्षा सांगाड्याचा किती हिस्सा बाधित आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

'फायब्रस डिस्प्लेजिया' या रोगाचे उदाहरण घेऊ. यात हाडाची जागा तंतुमय ऊती घेते. हाड कमकुवत होते, वाकते, मोडते. गर्भधारणेनंतर वाढत्या गर्भाच्या एखाद्या पेशीतील जनुकात बदल झाल्यामुळे हा रोग होतो. तो आईवडिलांकडून येत नाही आणि संसर्गानेही पसरत नाही. बदललेल्या पेशीचे वंशज जेथे पोहोचतात, तेथेच तो दिसतो. त्यामुळे कोणाचे एकच हाड बाधित असते, तर कोणाची अनेक.

मोजमापासाठी 'बोन स्कॅन' करतात. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याने युक्त औषध शिरेतून देतात. रोगग्रस्त हाडात ते अधिक साठते. काही तासांनी गॅमा कॅमेऱ्याने संपूर्ण सांगाड्याचे चित्र घेतात. या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तासांचेच असते. जुना अस्थिभंग किंवा संधिवात यांमुळेही चित्रात डाग दिसतात. म्हणून क्ष-किरण चित्रांशी पडताळा घ्यावा लागतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा चित्रांवरून गुणांक काढण्याची पद्धत मांडली. तीत सांगाड्याचे भाग पाडून प्रत्येकाला त्याच्या हिश्श्यानुसार गुण दिले जातात. समजा, एका भागाला ८ गुण आहेत आणि त्याचा अर्धा भाग बाधित आहे, तर ४ गुण धरायचे. सर्व गुणांची बेरीज ० ते ७५ यांच्या दरम्यान येते. गुणांक जितका अधिक, तितकी चालण्यात अडचण येण्याची शक्यता अधिक, असे आढळले.

या रोगाची बहुतेक व्याप्ती वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत ठरून जाते. म्हणून बालपणीच तपासणी केल्यास पुढील काळजीची आखणी करता येते. मात्र गुणांक कमी असला, तरी मांडीच्या हाडातील लहानसा दोषही अस्थिभंगास कारण होऊ शकतो. म्हणून गुणांकाबरोबरच रोग्याची प्रत्यक्ष तपासणीही तितकीच महत्त्वाची असते.