नेट्रॉनच्या काठावर

फांदीवर दगड होऊन बसलेल्या पक्ष्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. निक ब्रँट यांची ती छायाचित्रं २०१३ मध्ये जगभर फिरली आणि टांझानियातलं नेट्रॉन सरोवर ‘शापित’ ठरलं. आम्ही निघालो तेव्हा घरच्यांनी तेच विचारलं. तर खुलासा आधी करतो. ते पक्षी काठावर मरून, क्षारांनी कडक झालेले सापडले होते. फांदीवर त्यांना छायाचित्रकारानं बसवलं. पाण्याला स्पर्श झाला की दगड, असं काही होत नाही.

पाणी मात्र दाहक आहे, हे खरं. शेजारच्या ओल दोइन्यो लेंगाई ज्वालामुखीचा लाव्हाच सोडायुक्त. ओढे-झरे क्षार घेऊन येतात, पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ऊन ते उडवून नेतं. मागे राहतो सोडा, आपल्या पापडखाराचा भाऊबंद. लोणार पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. इथला पसारा मात्र पन्नासेक किलोमीटर लांब, आणि खोली जेमतेम तीन मीटर.

आता गंमत बघा. हेच पाणी लहान रोहितांची तटबंदी आहे. पूर्व आफ्रिकेतले हे पक्षी नियमित विणीसाठी येतात ते फक्त इथे. सरोवराच्या आत, सोड्याच्या थरावर चिखलाचं बुटकं घरटं, त्यात एकच अंडं. तरस-कोल्हे तिथवर जात नाहीत. पण पाणी वाढलं तर घरटी बुडतात, फार आटलं तर कोल्ह्यांना वाट मोकळी होते. त्यामुळे दरवर्षी वीण साधतेच असं नाही.

अरुशाहून येताना रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. एन्गारे सेरो गावातून पहाटे मसाई वाटाड्याबरोबर चालत निघालो, तर तो पाण्याच्या बराच अलीकडे थांबला. समोर नुसती गुलाबी रेघ! आमच्यातल्या एकाला ड्रोन उडवायचा होता. वाटाड्यानं सरळ नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. बिथरलेला थवा घरटी सोडून जाऊ शकतो.

सोडा काढण्याचा कारखाना इथे येणार होता, आणि त्यात आपल्याकडची टाटा केमिकल्स होती. बराच विरोध झाल्यावर २००८ मध्ये कंपनी बाहेर पडली. २००१ पासून हे रामसर स्थळ आहे, तरीही ही योजना पुढे पुन्हा डोकं वर काढत राहिली.

ठाण्याच्या खाडीतले रोहित इथलेच का, असं नेहमी विचारतात. नाही, त्यांचा संबंध गुजरातशी, कच्छच्या रणाशी. जाणार असाल तर चांगली दुर्बीण तेवढी न्या.