नळावर चालणारा सोऱ्या

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीनं हरणाची शिकार करण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तो सरला की घराघरांच्या तळघरांत सॉसेजचे घाणे निघू लागतात. हरणाचं मांस कोरडं, चरबी जवळजवळ नाहीच. म्हणून त्यात डुकराची चरबी मिसळायची, खिमा करायचा, मीठ-मसाला घालून हाताला चिकटेपर्यंत मळायचा आणि धुऊन साफ केलेल्या आतड्यात भरायचा. जर्मन, पोलिश, चेक पूर्वजांकडून आलेली ही रीत त्या भागात अजून टिकून आहे.

यातलं सगळ्यांत कटकटीचं काम भरण्याचं. भरायचं यंत्र म्हणजे आपल्या चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ: एक नळकांडं, आत दट्ट्या, टोकाला नळी. फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइज कंपनीची जुनी बिडाची यंत्रं अमेरिकेत आजही कुणाकुणाच्या घरी वापरात दिसतात. दांडा फिरवला की स्क्रू खाली उतरतो आणि खिमा नळीतून बाहेर येतो. पण एक हात दांड्यावर, दुसरा आतड्यावर, मग टेबलावर उतरणारं सॉसेज गुंडाळायला हात कुणाचा? घरातलं दुसरं माणूस कंटाळून वर निघून गेलेलं असतं. खिमा वाटायच्या यंत्रालाच भरायची नळी जोडता येते, पण तिथला फिरता स्क्रू मांस पुन्हा घुसळतो, गरम करतो, आणि चरबी दाण्यादाण्यानं राहायची सोडून सगळीकडे लिंपली जाते. चांगला सॉसेजवाला खिमा ४ अंशांच्या आसपास थंड ठेवतो. थंड खिमा घट्ट असतो आणि घट्ट खिमा अरुंद नळीतून ढकलायला जोर लागतो. नळी जितकी बारीक, तितका जास्त.

हा जोर घरात आधीपासूनच असतो, नळात. शहराबाहेरच्या घरांत बहुतेकदा स्वतःची विहीर, तिच्यावर पंप आणि तळघरात हवेच्या उशीवर पाणी दाबून ठेवणारी टाकी असते. पंपाच्या बटणाची एक नेहमीची जुळणी अशी: दाब चौरस इंचाला ४० पौंडांवर उतरला की पंप सुरू, ६० वर चढला की बंद. ४० पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.८ किलो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की २२० किलो येतात, म्हणजे तीन धडधाकट माणसं दट्ट्यावर उभी. दाब ६० पौंड असेल तर ३३० किलो. नळकांडं पंधरा सेंटिमीटरचं घेतलं तर ४० पौंडांनाच जवळपास अर्धा टन.

आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर हे यंत्र चालवलं तर ते मजल्यागणिक वेगळं वागेल. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो. टाकीखाली बारा मीटरवरच्या तळमजल्याला त्याच दहा सेंटिमीटरच्या दट्ट्यावर ९४ किलो मिळतील. सगळ्यांत वरच्या मजल्यावर, जिथे शॉवरसुद्धा रडतो, तिथे जेमतेम वीस. मग हातानं दाबलेलंच बरं.

ही कल्पना काही तळघरातल्या हौशी मंडळींची नव्हे. लंडनच्या जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलनं शतकभर आधीच सांगून ठेवलं होतं. अडत होतं ते दट्ट्याच्या कडेपाशी. दाब वाढवला की तिथून पाणी निसटे, आणि ते अडवायला कड घट्ट आवळली तर दट्ट्याच हलेना. यावरची तोड ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेची, असं मानतात: चामड्याचं वाटीदार वॉशर, ज्याची ओठासारखी कड पाण्याच्या बाजूला असते. पाणी जितकं दाबेल तितकी ती कड भिंतीला जास्त चिकटते आणि दाब उतरला की आपोआप सैल पडते. सायकलच्या पंपातलं चामडी वायसर हेच करतं. पुढे लंडनमध्ये १८८३ ते १९७७ या काळात एक कंपनी रस्त्याखालच्या नळांतून चौरस इंचाला सातशे पौंडांच्या वरचं पाणी चक्क शक्ती म्हणून विकत होती. लिफ्टा, गोदीतल्या याऱ्या आणि नाट्यगृहांचे पडदे त्यावर हलत. त्या मानानं सॉसेज म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक.

घरी करायचं तर बहुतेकांचा हात पहिल्यांदा पांढऱ्या पीव्हीसी पाइपकडे जातो. स्वस्त असतो, करवतीनं कापता येतो. चार इंची, जाड भिंतीचा, पिण्याच्या पाण्यासाठीचा पाइप खोलीच्या तापमानाला चौरस इंचाला २२० पौंड झेलतो, त्यामुळे नळाच्या दाबाची त्याला भीती नाही. सांडपाण्याचा हलका पाइप मात्र दिसायला तसाच आणि या कामाला कुचकामी. मागच्या झाकणाचाही विचार आधीच करायला हवा, कारण दट्ट्याला जेवढा रेटा बसतो तेवढाच त्यालाही बसतो. नुसतं सोल्यूशन लावून चिकटवण्यापेक्षा दोन्ही टोकांना जाड पट्ट्या ठेवून त्यांच्यामध्ये आटे पाडलेले चार लांब रॉड नटांनी आवळतात. मग सगळा ताण रॉडांवर जातो आणि नळकांड्याला फक्त फुगणं सोसावं लागतं.

खरी परीक्षा आतल्या गोलाईची. पाइप बनवणारे बाहेरचं माप काटेकोर राखतात, कारण फिटिंग बाहेरून बसतं. आतलं माप थोडंफार इकडेतिकडे होतं. त्यामुळे नायलॉनचा दट्ट्या लेथवर सुरेख कातून त्याला दोन ओ-रिंगा चढवल्या, तरी तो पाइपात एका जागी अडकतो आणि वीतभर पुढे गेला की सैल होतो. ज्या पाण्यानं ढकलायचं ते मग खिम्यात झिरपू लागतं. वाटीदार वॉशर हा फरक बराचसा पोटात घालतं, ओ-रिंगला ते जमत नाही. स्टीलची आतून घासलेली नळी मिळाली तर उत्तमच, पण मग घरगुती खर्चाचा मुद्दा उरत नाही.

मला विचाराल तर एकाच नळकांड्यात एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मांस ही रचना मुळातच चुकीची आहे. वॉशर आज ना उद्या झिजणारच, आणि झिजलं हे कळेल ते सॉसेज पचपचीत लागल्यावर. त्यापेक्षा दोन नळकांडी एका ओळीत ठेवावीत: मागचं पाण्याचं, पुढचं मांसाचं, दोघांचे दट्टे एकाच दांड्यावर, आणि मध्ये वीतभर उघडी जागा. गळती झाली तर पाणी त्या फटीतून टेबलावर टपकतं आणि सगळ्यांना दिसतं. यंत्राची लांबी दुप्पट होते ही तक्रार खरी आहे. तरी अशुद्ध होऊ शकणाऱ्या दोन गोष्टींमध्ये केवळ रबराची एक कड ठेवण्यापेक्षा टेबल लांब घ्यावं. नळाच्या जोडावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही हवाच. पंप बंद असताना घरात कुणी दुसरा नळ सोडला, तर यंत्रातलं पाणी मागे ओढलं जाऊन पिण्याच्या नळात जाता कामा नये.

पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा वापरायचा मोह काहींना होतो. तो आवरावा. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून नळकांडं तडकलं तर एक चिळकांडी उडून दाब क्षणात शून्यावर येतो. दाबलेली हवा मात्र फुटते तेव्हा पूर्ण पसरेपर्यंत थांबत नाही आणि पीव्हीसीच्या धारदार चिरफळ्या सोबत घेऊन उडते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्यानं अशा पाइपात हवा भरण्याविरुद्ध १९८८ मध्येच इशारा दिला होता.

आता चालवताना. मिठात ठेवलेलं आतडं भिजवून, आतून पाणी सोडून धुतात आणि ओल्या नळीवर चुण्या करत सगळं सरकवून ठेवतात. टोकाला गाठ लगेच मारत नाहीत. तोटी किंचित उघडली की आधी नळीतली हवा सुटते, मग खिम्याचं गुलाबी तोंड दिसतं, तेव्हा गाठ. साडेतीन लिटरच्या नळकांड्यातून ३२ मिलिमीटर जाडीचं साडेचार मीटरच्या आसपास सॉसेज निघतं आणि त्याला बरोबर तेवढंच, साडेतीन लिटर पाणी लागतं. तोटी पूर्ण उघडली तर मिनिटभरात सगळं जमिनीवर, म्हणून कसब मनगटात नसून तोटीवरच्या दोन बोटांत असतं. पायानं दाबायचा व्हॉल्व्ह लावला तर तीही मोकळी. तो तीन तोंडांचा लागतो: पाय उचलला की नळ बंद होतो आणि नळकांड्यातला दाब मोरीकडे सुटतो. नाहीतर खिम्यात अडकलेली हवा फुगत राहते आणि सॉसेज आपलं बाहेर येतच राहतं.

गोव्याच्या चोरिसाला यातलं काही लागत नाही. मांसाचे तुकडे मिरची आणि माडाच्या व्हिनेगरात मुरवायचे, बोटांनी आतड्यात दाबायचे, दोऱ्यानं आवळून मणी पाडायचे. तुकड्यांमध्ये फट राहिली तरी उन्हात वाळताना आवरण आकसून ती भरून काढतं. चिकट खिम्यात मात्र राहिलेली हवा पुढे तव्यावर आवरण फोडते. म्हणून प्रत्येक फुगा सुईनं टोचावा लागतो.

दट्ट्या टोकाला पोचला तरी नळीत वीतभर खिमा उरतोच. तो लाकडी दांडीनं काढून तव्यावर टाकतात. मग व्हॉल्व्ह मोरीकडे फिरवून दट्ट्या हातानं मागे ढकलायचा. मागचं साडेतीन लिटर पाणी बादलीत येतं. दोन नळकांड्यांच्या यंत्रात त्याला मांस शिवलेलंही नसतं, तेव्हा भांडी विसळायला तेच घेतात.