कझाकस्तानच्या फिल्म स्टुडिओला एका नाटकातल्या नटाचं नाव का आहे?

23 डिसेंबर 1970. आपला नवा सिनेमा घेऊन एक कझाक दिग्दर्शक मॉस्कोला आला होता. तिथेच एका गाडीने त्याला धडक दिली आणि त्याचा मृत्यू झाला. वय होतं फक्त 56.

त्याचं नाव शाकेन आयमानोव. पुढे 1984 मध्ये 'कझाकफिल्म' या देशातल्या सगळ्यात मोठ्या स्टुडिओला त्याचं नाव दिलं गेलं.

एखाद्या नटाला एवढा मान का मिळावा? त्यासाठी त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

शिक्षक व्हायचं होतं, झाला नट

आयमानोवचा जन्म 1914 चा, कझाकस्तानच्या ईशान्येकडच्या बायानाउल भागातला. सेमिपालातिन्स्क शहरात तो शिक्षक होण्यासाठी शिकत होता. तिथे लेखक गबित मुसरेपोव यांनी त्याच्यातला नट हेरला आणि 1933 मध्ये तो अल्मा-आताच्या, म्हणजे आजच्या अल्माटीच्या, कझाक नाट्यगृहात दाखल झाला.

हे वर्ष महत्त्वाचं आहे. स्टालिनच्या काळात भटक्या पशुपालकांना सक्तीने एका जागी बसवण्यात आलं, त्यांची जनावरं आणि धान्य काढून घेतलं गेलं. त्यातून पडलेल्या दुष्काळात 1930 ते 1933 या काळात 10 लाखांहून जास्त लोक मेले, त्यात बहुतेक कझाक होते. पुढे 1959 च्या जनगणनेत तर कझाक लोक स्वतःच्याच प्रजासत्ताकात जेमतेम 30 टक्के उरले होते.

अशा काळात कझाक भाषेत रोज नाटक उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. हे नाट्यगृह सुरू होऊन तेव्हा जेमतेम 7 वर्षं झाली होती. आयमानोवने तिथे कझाक लोककथांवरची नाटकं केली, तसा शेक्सपिअरही केला. 1943 च्या 'टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये तो पेट्रुकिओ होता आणि समोर कॅथरिनाच्या भूमिकेत खदिशा बुकेयेवा. पुढे त्याने ऑथेल्लोही केला. 1947 ते 1951 या काळात तो याच नाट्यगृहाचा मुख्य दिग्दर्शक होता.

मग सिनेमा कुठून आला?

उत्तर आहे, युद्धामुळे. 1941 मध्ये जर्मन फौजा चाल करून आल्या आणि मॉस्को-लेनिनग्राडचे स्टुडिओ थेट अल्मा-आताला हलवले गेले. युद्धाच्या काळातले बहुतेक सोव्हिएत कथापट इथेच तयार झाले. आयझेनस्टाईनने 'इव्हान द टेरिबल'चं शूटिंगही इथेच केलं.

पण एक अडचण होती. कझाक लोकांवरचे सुरुवातीचे सिनेमे बाहेरचे दिग्दर्शक करायचे. 1938 चा 'अमानगेल्दी' हा पहिला कझाक कथापट मानला जातो, पण तो बनवला लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओने. कझाक कलाकार पडद्यावर दिसायचे, कॅमेऱ्यामागे दुसरंच कुणी असायचं.

आयमानोवही आधी पडद्यावरच आला. 1945 च्या 'अबायची गाणी'मध्ये त्याने शारीप हे पात्र केलं. नंतर 'जांबुल'मध्ये त्याने लोककवी जांबुल साकारला. खरे जांबुल नव्वदी ओलांडून जगले होते आणि त्यांचं म्हातारपण करणारा आयमानोव होता चाळिशीच्या आतला!

1954 मध्ये तो कॅमेऱ्यामागे गेला. कार्ल गाक्केलसोबत त्याने 'प्रेमाची कविता' बनवला. विषय होता कोझी-कोर्पेश आणि बायान-सुलू ही कझाक लोकांची जुनी प्रेमकथा. म्हणजे सुरुवातच त्याने रंगभूमीवरच्या ओळखीच्या गोष्टीने केली.

कोणते सिनेमे बघावेत?

*अल्दार कोसे (1964):* आपल्याकडे बिरबल, तेनालीराम, तसा कझाक लोकांचा अल्दार कोसे. दाढी न उगवलेला, खिसा रिकामा, पण श्रीमंतांना गंडवण्यात पटाईत. दिग्दर्शनही आयमानोवचं आणि मुख्य भूमिकाही.

*वडिलांची भूमी (1966):* पटकथा कवी ओल्झास सुलेमेनोव यांची. युद्धात मेलेल्या मुलाच्या अस्थी गावी आणायच्या म्हणून एक म्हातारा नातवाला घेऊन रेल्वेने थेट लेनिनग्राडच्या बाजूला जातो. तिथे कळतं, मुलगा इतर सैनिकांसोबत एकाच कबरीत आहे. म्हातारा त्याला तिथेच राहू देतो. भाषणबाजी न करता केलेला हा युद्धावरचा सिनेमा आहे.

*टोपीवाला देवदूत (1968):* गावाकडची आई शहरात येते आणि उंचपुऱ्या शिक्षक मुलासाठी रस्त्यात दिसेल ती मुलगी पसंत करत सुटते. हा प्रकार आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आईच्या भूमिकेत अमिना उमुर्झाकोवाने धमाल केली आहे.

सगळं गोडगोडच होतं का?

नाही. आयमानोव सोव्हिएत चौकटीत राहूनच काम करत होता. 1959 मध्ये त्याला 'सोव्हिएत संघाचा लोककलाकार' हा किताब मिळाला. ज्या सत्तेच्या धोरणांमुळे दुष्काळ पडला, तिच्यावर त्या काळात सिनेमा काढणं शक्यच नव्हतं. त्याचा शेवटचा सिनेमा 'अतामानचा शेवट' हा तर एका सोव्हिएत गुप्तहेराचीच शौर्यगाथा आहे.

पण याच सिनेमाने असानाली अशिमोव या कझाक नटाला मोठा स्टार केलं. त्याच्या चादियारोव या पात्रावर पुढे आणखी सिनेमेही निघाले. आयमानोव हे बघायला उरला नाही.

कझाक सिनेमाचा इतिहास सांगताना म्हणूनच त्याचं नाव टाळता येत नाही. त्याच्याआधी कझाक माणूस पडद्यावर होता. त्या माणसाची गोष्ट कुणी आणि कशी सांगायची, हे ठरवण्याच्या खुर्चीत मात्र त्याच्यामुळे कझाक माणूस बसू लागला.