१८६३ सालची दोन चित्रं



युरोपच्या चित्रकलेचं पुस्तक उघडलं की मुलं हमखास विचारतात, "यातल्या देवींच्या अंगावर कपडे का नाहीत?" आपण ओशाळतो आणि पान उलटतो. पण या प्रश्नाचं उत्तर देता येतं, आणि त्यातून इतिहासही शिकवता येतो.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये 'सालों' नावाचं मोठं चित्रप्रदर्शन भरत असे. तिथे चित्र लागलं की चित्रकाराचं नाव व्हायचं, गिऱ्हाईक मिळायचं. निवड करणाऱ्यांवर अकादमीचा पगडा होता. अकादमीने विषयांची उतरंड ठरवून टाकली होती. इतिहास, बायबल आणि ग्रीक-रोमन पुराणकथा सगळ्यात वर. निसर्गदृश्य, फळं-भांडी सगळ्यात खाली.

१८६३ च्या सालोंत आलेक्सांद्र काबानेल यांचं 'व्हीनसचा जन्म' लागलं. व्हीनस ही रोमन लोकांची प्रेमदेवता, समुद्राच्या फेसातून जन्मलेली. चित्रात ती लाटेवर पहुडली आहे, वर पंखवाली बाळं उडताहेत. रंगकाम इतकं गुळगुळीत, की ब्रशचा फटकारा दिसत नाही. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते विकत घेतलं.

त्याच वर्षी एदुआर माने यांनी 'ऑलिंपिया' रंगवलं. ते १८६५ मध्ये सालोंत लागलं. इथेही विवस्त्र स्त्रीच पहुडलेली. पण समुद्र नाही, बाळं नाहीत. आहे तो पलंग, फुलं घेऊन आलेली कृष्णवर्णीय दासी, काळं मांजर, आणि थेट आपल्यावर रोखलेली नजर. ही देवी नव्हे, आपल्याच शहरातली देहविक्रय करणारी बाई आहे, हे लोकांनी ओळखलं. एवढा गदारोळ झाला, की चित्र शेवटी उंचावर टांगावं लागलं.

म्हणजे लोकांना खुपली ती नग्नता नव्हे, ओळखीचं वास्तव. पुराणकथेचं नाव हा एक परवाना होता.

मात्र कथा म्हणजे नुसता बहाणा, असंही मुलांना सांगू नका. १८९० च्या सुमारास जेरोम यांनी 'पिग्मॅलियन आणि गॅलाटिया' रंगवलं. शिल्पकार आपल्या मूर्तीला मिठी मारतो आणि ती जिवंत होते. वरचं अंग सजीव, पाय अजून संगमरवरी! दगडाचं माणूस होताना एकाच आकृतीत दाखवायचं, हे अवघड काम त्या कथेनेच चित्रकाराला दिलं.

लहान मुलांना ही गोष्टच पुरे. मोठ्या वर्गात काबानेल आणि माने यांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. मग विचारा, "पहिल्या चित्रातलं काय काय काढलं, तर व्हीनस साधी बाई होईल?" मुलं बरोबर शोधतात.