‘आधी अपडेट करा’ म्हणणारे ॲप; पीक पाहणीची नोंद कशी वाचवाल?

धाराशिव : बेंबळी शिवारात सोयाबीनचा फोटो काढायला बांधावर पोहोचलात आणि ‘ई-पीक पाहणी’ ॲप अपडेटशिवाय पुढेच जाईना, तर काय कराल? पीकविमा, हमीभावाने विक्री, नुकसानभरपाई या सगळ्यांसाठी सातबारावरची ही नोंद महत्त्वाची. म्हणून घाईत ॲप काढून टाकण्याआधी हे वाचा.

अपडेटची सक्ती का?
१५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी राज्यभर सुरू आहे. नियम बदलले की ॲपही बदलते. २०२२ मध्ये आलेल्या व्हर्जन-२ मध्ये नोंद केल्यावर ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्ती करण्याची सोय आली. २०२५ च्या खरिपासाठी ४.०.० ही आवृत्ती आली. जुन्या ॲपला नवे नियम ठाऊक नसतात. त्यातून चुकीची माहिती जाऊ नये म्हणून ते बंद केले जाते.

धोका कुठे?
रेंज नसताना भरलेली माहिती फोनमध्येच राहते. अपलोड होईपर्यंत ती सातबारावर जात नाही. अपडेट केल्याने ती सहसा पुसली जात नाही. पण ॲप अनइन्स्टॉल केले किंवा ‘क्लिअर डेटा’ दाबले, तर फोटोसह जाते. ‘क्लिअर कॅशे’ने फक्त तात्पुरत्या फाइल जातात.

काय करावे?
१. ॲप उघडत असेल तर आधी अपलोड पूर्ण करा.
२. उघडत नसेल तर ते न काढता प्ले स्टोअरवरून अपडेट करा. फोनमध्ये जागा आहे का, पाहा.
३. तरीही अडले तर फोन बंद-चालू करा, मग ‘क्लिअर कॅशे’.
४. अनइन्स्टॉल सर्वांत शेवटी. त्यानंतर पाहणी पुन्हा करावी लागू शकते.
५. व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाइल टाकू नका.

अपडेटच चुकले तर?
तसेही होते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणून अपडेट आदल्या दिवशी घरीच उरका, पाहणी शेवटच्या तारखेवर ढकलू नका. शेतकऱ्यांची मुदत हुकलीच, तर गावासाठी नेमलेल्या सहायकाशी किंवा तलाठ्याशी लगेच संपर्क साधा.